मांजरांच्या लशीची वाट किती दिवस पाहायची?

पत्राचा सारांश : चोपडा तालुक्यातील एका ताईंनी हे पत्र पाठवले आहे. त्यांच्या यजमानांचे भुसार मालाचे दुकान असून मागे धान्याचे गोदाम आहे. उंदरांचा त्रास होऊ लागल्याने पाच वर्षांपूर्वी त्यांनी एक मांजर पाळली. आज घर, गोदाम आणि पलीकडचा केळीचा मळा मिळून अकरा मांजरे आहेत. त्यांपैकी सहा माद्या असून दोघी गाभण आहेत. शेजाऱ्यांची रोज तक्रार असते. दुकानातला माणूस म्हणतो, पिल्ले गोणीत भरून तापीपलीकडे सोडून येऊ. शेजारच्या बाई दुधातून माणसांची संततिनियमनाची गोळी द्यायला सांगतात. सासूबाई मात्र मुक्या जिवाची कूस बंद करणे हे पाप समजतात, आणि तालुक्याच्या दवाखान्यात मांजरीचे ऑपरेशन होत नाही असे उत्तर मिळाले आहे. अशात पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवले की परदेशात मांजरांना गर्भ राहू नये म्हणून लस निघाली आहे. ताई विचारतात, ‘लम्पीच्या वेळी सरकारने घरोघर येऊन गायींना लस टोचली. तशी ही लसही कधीतरी येईलच. तोवर थांबावे का? चिरफाड न करता काम होणार असेल तर मांजरांना का त्रास द्यायचा?’

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी लक्षात आले की त्यात ‘लस’ हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि ‘पकडणे’ हा शब्द एकदाही आलेला नाही. गुरांच्या दवाखान्यांत एकतीस वर्षे काढलेल्या माणसाच्या नजरेला तुमची खरी अडचण या न आलेल्या शब्दातच दिसते. पण तुम्ही लशीबद्दल विचारले आहे, आणि प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

तुमच्या पुतण्याने वाचले ते खोटे नाही. मेंदूच्या तळाशी एक अगदी लहान संप्रेरक तयार होते. त्याच्या इशाऱ्यावर पुढची सगळी साखळी हलते, अंडाशय काम करू लागते आणि मांजर माजावर येते. या लशीत ते संप्रेरक एका मोठ्या परक्या प्रथिनाला जोडून टोचतात. शरीराला ती जोडी परकी वाटते, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि ही प्रतिपिंडे मांजरीच्या स्वतःच्या संप्रेरकालाही अडवून धरतात. जोवर ती रक्तात पुरेशी असतात तोवर माज नाही आणि गर्भही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने तयार केलेली अशी एक लस ‘गोनाकॉन’ या नावाने ओळखली जाते. २००९ मध्ये तिची नोंदणी झाली ती पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी आणि नंतर रानटी घोड्यांसाठी. मांजरांसाठी ती तिथेही नोंदलेली नाही.

मांजरांवर तिचा प्रयोग मात्र झाला आहे आणि त्याचे आकडे तुम्ही पाहावेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा मांजरींना ही लस एकदाच टोचली आणि पाच मांजरींना नुसते खोटे इंजेक्शन दिले. नंतर त्यांच्यात बोके सोडले. खोटे इंजेक्शन दिलेल्या पाचही मांजरी थोड्याच महिन्यांत गाभण राहिल्या. लस दिलेल्या पंधरांपैकी चौदा जणी पहिले वर्षभर कोऱ्या राहिल्या. इथवर वाचले की कोणालाही वाटेल, आणखी काय हवे? पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अकरा उरल्या, तिसऱ्याच्या आठ, चौथ्याच्या सहा आणि पाचव्याच्या फक्त चार. काहींना दोन वर्षांनंतर टोचल्या जागी गाठीही आल्या, मात्र त्या दुखत नव्हत्या. पुढे २०१८ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मांजरी गटाने, खऱ्या वस्तीत राहतात तशा ठेवल्या होत्या, आणि लस दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त वर्षभराच्या आतच गाभण राहिल्या. डुकराच्या बीजांडाच्या आवरणापासून केलेली आणखी एक लस आहे. अमेरिकेच्या असाटीग बेटावर १९९४ पासून रानटी घोड्यांची संख्या तिच्या जोरावर आटोक्यात ठेवली आहे, पण मांजरांत ती चाललीच नाही.

तुम्ही लम्पीचा दाखला दिला आहे, तो मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यात लम्पी आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत आम्ही गावोगाव फिरलो. त्या वेळी प्रत्येक गायीत सारखीच प्रतिकारशक्ती येणार नाही हे आम्हाला ठाऊक होते, आणि तरीही ते काम सार्थ होते. रोग एका जनावरापासून दुसऱ्याकडे जातो. दहांतली आठ गुरे सुरक्षित झाली की उरलेल्या दोघांपर्यंत रोग पोहोचण्याची वाटच अरुंद होते. गर्भाचे तसे नसते. शेजारणीला लस लागू पडली म्हणून जिला पडली नाही ती मांजर वाचत नाही. ती आपली वितेच, आणि घरातली इतर पिल्ले कमी झाल्यामुळे तिच्या पिल्लांच्या वाट्याला उलट जास्त दूध आणि जास्त उंदीर येतात. शिवाय रोगाच्या लशीला बाहेरच्या शत्रूशी लढायचे असते, या लशीला शरीराच्या स्वतःच्याच संप्रेरकाविरुद्ध वर्षानुवर्षे फौज उभी ठेवायची असते. ती फौज कोणात किती टिकेल हे जनावरागणिक बदलते.

हा प्रश्न फक्त जनावरांपुरता नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जी. पी. तलवार यांनी स्त्रियांसाठी गर्भरोधक लस तयार केली होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत १४८ स्त्रिया होत्या. ज्यांच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली त्यांच्या १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भ राहिला, ही मोठीच गोष्ट होती. पण पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली ती सुमारे ऐंशी टक्के स्त्रियांत. बाई निदान दवाखान्यात येऊन रक्त तपासून घेऊ शकते. तुमच्या गोदामाच्या छपरावरून तुमच्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्या मांजरीचे रक्त दर तीन महिन्यांनी कोण तपासणार?

२०२३ मध्ये आलेली एक बातमी मात्र खरोखर आशा वाटावी अशी आहे. अमेरिकेतील संशोधकांनी निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एक जनुक ठेवून ते मांजरींच्या स्नायूत टोचले. त्या जनुकामुळे अंडाशयाला आवरून धरणारे संप्रेरक शरीर स्वतःच तयार करत राहते. सहा मांजरींना ते दिले, त्यांतली एकही व्याली नाही. न दिलेल्या तिन्ही मांजरी व्याल्या. काटेकोरपणे बोलायचे तर ही लस नव्हे, पण तुमच्या पुतण्याने बहुधा हेच वाचले असावे. मात्र सहा मांजरी म्हणजे सहाच. तिथून बाजारापर्यंतचा रस्ता लांबचा असतो. कुत्र्या-मांजरांसाठी एकाच डोसात कायमचे काम करणारे औषध शोधणाऱ्याला अडीच कोटी डॉलर देण्याची घोषणा एका अमेरिकी प्रतिष्ठानाने २००८ मध्येच केली होती, आणि इतक्या वर्षांत ते बक्षीस नेणारा कोणी पुढे आलेला नाही.

तेव्हा थांबावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘थांबू नये’ असे आहे. मात्र ते लस वाईट आहे म्हणून नव्हे. समजा, उद्या सकाळी ती लस चोपड्याच्या दवाखान्यात आली. ती दुधात कालवून देता येणार नाही, ती टोचावीच लागेल. टोचण्यासाठी मांजर हातात हवी. तुमच्या सहा माद्यांपैकी मांडीवर येऊन बसणारी एखाद-दुसरीच असेल, बाकीच्या पोत्यांच्या थप्पीमागे राहणाऱ्या. म्हणजे सहा जणी पकडण्याचा उद्योग लस आली तरी तुम्हाला करावाच लागेल, आणि लशीचा जोर ओसरला की पुन्हा करावा लागेल. एकदा फसलेली मांजर दुसऱ्यांदा त्याच पिंजऱ्याच्या जवळही फिरकत नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट आपण उंदरांच्या बाजूने सांगतो, पण अवघड भाग कोणता हे त्यांना बरोबर कळले होते. मांजर एकदा हाती लागली की तिला सुई टोचून सोडणे आणि तिचे कायमचे ऑपरेशन करून आणणे यांत फरक उरतो तो एका दिवसाचा.

पकडण्याची रीत सांगतो, कारण बहुतेकांचे पाऊल इथेच अडते. तुमच्याकडे केळीची प्लास्टिकची कॅरेट असतीलच. दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून तीन बाजूंनी सुतळीने घट्ट आवळली आणि चौथी बाजू दारासारखी उघडी ठेवली की चांगला पिंजरा होतो. यावलकडच्या एका मळ्यात एका आजीबाईंनी मला हे करून दाखवले, तोवर मीही पिंजरा म्हटला की लोहाराकडेच धाव घेत होतो. हे कॅरेट आठ-दहा दिवस एकाच जागी उघडे ठेवा आणि रोज त्याच वेळी त्यातच खायला द्या, सुरुवातीला दाराशी आणि मग रोज वीतभर आत. ज्या दिवशी न्यायचे त्याच्या आदल्या रात्री अन्न बंद ठेवा. भुकेलेली मांजर आत शिरते, आणि भूल द्यायची तर पोटही रिकामे लागते. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्यांचे किती तास ते डॉक्टरांना विचारा. मांजर आत गेली की दार बांधून वर गोणपाट टाका. अंधार झाला की बहुतेक मांजरी आश्चर्य वाटावे इतक्या शांत होतात. उघड्या हाताने मानगूट धरण्याचा पराक्रम कोणी करू नये. तरीही कोणाला चावली किंवा ओरबाडली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा.

आता ऑपरेशनची भीती. तुम्ही ‘चिरफाड’ असा शब्द वापरला आहे आणि तो ऐकला की माझ्याही डोळ्यांसमोर बैलाचे खच्चीकरण येते. मांजरीचे ऑपरेशन तसे नसते. पूर्ण भूल देऊन बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी चीर घेतात आणि अंडाशय व गर्भाशय काढतात. तरबेज हातांना ते अर्ध्या तासाच्या आतबाहेर जमते. सहा महिन्यांच्या आत ते झाले तर पुढे स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी घटतो, आणि गर्भाशयच नसल्यामुळे त्यात पू होण्याचा प्रश्न राहत नाही. लशीने यातले काय साधते ते अजून कोणी खात्रीने सांगू शकत नाही. भुलीचा धोका असतोच, तो मी लपवत नाही. पण तो वाढतो आजारी, अशक्त आणि गाभण जनावरात, म्हणजे आपण थांबलो की जी अवस्था येते नेमक्या त्याच अवस्थेत.

तालुक्याच्या डॉक्टरांवर रागावू नका. आमच्या दवाखान्यात दिवसभर म्हशींची कृत्रिम रेतने, लाळ्या-खुरकुताच्या लशी आणि पोट फुगलेल्या शेळ्या चालू असतात. मांजरीच्या भुलीला लागणारी सवय आणि साधने तिथे नसतील तर ‘होत नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे. जळगावात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि जळगाव, भुसावळ, धुळे इथे कुत्र्या-मांजरांचे खासगी डॉक्टरही बसतात. फोन करून आधी विचारा की ते महिन्याला किती मांजरींचे ऑपरेशन करतात, वेदनेचे औषध देतात का, टाके आतून विरघळणारे घालतात का, आणि त्याच वेळी रेबीजची लस टोचतात का. कानाचे टोक कापतात का, हेही विचारा. भुलीतच डाव्या कानाचे टोक किंचित कापलेले असले की ही मांजर झालेली आहे हे लांबून कळते आणि तिला पुन्हा पकडण्याचा खटाटोप वाचतो. सहा-सात मांजरी एकत्र आणल्या तर खर्च कमी होईल का, हे विचारायला संकोचू नका. गावातल्या दोन-चार घरांनी मिळून एक गाडी केली तर बरेच सोपे जाते.

शेजारच्या बाईंच्या गोळीला मात्र माझा ठाम नकार आहे. माणसांच्या गर्भनिरोधक गोळीतले संप्रेरक मांजरीच्या इवल्याशा देहाला झेपणारे नसते, आणि दुधाच्या वाटीत कोण किती प्यायले हे मोजताही येत नाही. सरकारी दवाखान्यात बायकांना ‘अंतरा’ नावाने मिळणारे इंजेक्शन मांजरीला टोचून आणल्याचे मी पाहिले आहे. त्या वर्गातल्या औषधांनी मांजरीची आचळे लिंबाएवढी सुजतात, गर्भाशयात पू होतो, मधुमेहही होतो. त्यांतली काही औषधे पशुवैद्य अगदी थोड्या मात्रेत, मोजक्या दिवसांसाठी वापरतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडावा. गोणीची कल्पना तर दुकानातल्या माणसाला स्पष्ट शब्दांत नाकारा. जनावर उपाशी मरेल अशा जागी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

सासूबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, हे माझ्या आजीनेही सांगितले होते आणि त्या धाकाने किती मांजरे वाचली असतील कोण जाणे. पण त्यांच्यापुढे एक हिशेब ठेवून पाहा. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनात मोकळ्या राहणाऱ्या मांजरींच्या १६९ पिल्लांवर नजर ठेवली, तेव्हा सहा महिन्यांच्या आत त्यांतली १२७ मेली किंवा नाहीशी झाली. आपल्याकडे तापी-गिरणेच्या काठचा उन्हाळा आणि रस्त्यावरची कुत्री यांच्या तोंडी यापेक्षा भले होत असेल असे मला वाटत नाही. मांजर वर्षाला दोन-तीनदा विते, दर वेळी तीन ते पाच पिल्ले देते, आणि तोंडातल्या तोंडात उचलून त्यांना सात घरे फिरवते, पण शेवटी किती उरतात हे सासूबाईंनी त्या घरात तुमच्यापेक्षा जास्त वर्षे पाहिले आहे. त्यांना पापाचा उपदेश करू नका, फक्त विचारा की गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्यांपैकी किती मोठी झाली. उत्तर त्यांच्याकडेच असेल.

दोन गाभण मांजरींचे काय करायचे, हा निर्णय अवघड आहे. मांजरीचा गर्भकाळ त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांचा असतो. सुरुवातीचे दिवस असतील तर डॉक्टर त्याच अवस्थेत ऑपरेशन करू शकतात, पण त्यात गर्भ जातो. हे सासूबाईंपासून लपवून करू नये असे माझे मत आहे. पोट बरेच दिसू लागले असेल तर त्यांना विऊ द्या, पिल्ले स्वतः खाऊ लागली की म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी आईला न्या. त्याहून उशीर नको, कारण पाजत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लेही चार-पाच महिन्यांची झाली की नेता येतात. ‘ती अजून लहान आहे’ म्हणून बहुतेक घरांत ती वेळ हुकते आणि लहान मुलगीच आई होऊन बसते.

बाकीच्या चौघींना आधी न्या. दोनदोन जणी न्या, म्हणजे घरी आणल्यावर लक्ष देता येते. बोके शेवटी, कारण पाच बोक्यांपैकी चौघांचे ऑपरेशन झाले आणि एक राहिला तरी तो एकटा गावभर पुरतो. त्यांचे झाले की भांडणे आणि पोत्यांवरचे मुतणे मात्र बरेच कमी होते, आणि तुमच्या यजमानांना बहुधा त्याचेच जास्त अप्रूप वाटेल. उंदरांची चिंता करू नका. पोटभर जेवलेली आणि ऑपरेशन झालेली मांजर गोदामात नुसती फिरली तरी उंदीर बिचकतात.

दिवस वाढू लागले की, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून, मांजरी जोरात माजावर येतात. त्यामुळे डिसेंबर हा सगळ्यांत सोयीचा महिना. पण आता मधला काळ असेल तर डिसेंबरची वाट पाहू नका, फक्त एप्रिल-मेमध्ये न्यायचे झाले तर पहाटे पाचला निघा आणि दुपारच्या उन्हात गाडी कुठेही उभी करून ठेवू नका. घरी आणल्यावर एक-दोन दिवस तिला धान्य नसलेल्या बंद खोलीत ठेवा, पाणी आणि थोडे अन्न द्या, आणि कुशीवरची चीर दारातूनच पाहत राहा. चीर सुजली, तिच्यातून पाणी आले किंवा मांजर दुसऱ्या दिवशीही खाईना, तर त्याच डॉक्टरांना फोन करा.

आजच संध्याकाळी दोन कॅरेट बांधून गोदामाच्या दाराशी ठेवा, आणि त्यात पहिल्या दिवशी काही न पकडता फक्त भाकरी कुस्करून दूध घाला.